आई-बाबांचं द्वंद्वगीत

कुवेतमधल्या अहमदी गावातल्या आमच्या घरात आम्ही परत पाऊल ठेवलं तेव्हा भिंती काजळलेल्या होत्या. तेलविहिरींच्या आगी विझून बरेच महिने झाले होते, तरी ती काजळी पडद्यांत, एसीच्या जाळीत, आईनं जाताना पालथ्या घालून ठेवलेल्या पातेल्यांच्या आतसुद्धा होती. आईनं पहिले आठ दिवस नुसतं धुतलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. बादलीतलं पाणी बदलायचं काम माझ्याकडे होतं, आणि प्रत्येक बादली मोरीत ओतताना मला वाटायचं, आता पुढची तरी जरा पांढरी निघेल. बाबा संध्याकाळी प्लँटवरून आले की तेही बाह्या वर करून कामाला लागायचे. दोघं एका भिंतीच्या दोन टोकांना उभे राहून पुसायचे आणि मधोमध आले की एकमेकांना वाट करून द्यायचे. पाहुणे देतात तशी.

हे असं वागणं आमच्या घरी पूर्वी नव्हतं. माझी आई, सुधा, नाशिकची. लग्नाआधी तिनं नाट्यसंगीताचा चांगला सहा-सात वर्षं अभ्यास केलेला, आणि कुवेतमध्ये आल्यावरही तिची पोळ्या लाटताना तान सुरू असायची. बाबांचा आवाज न शिकलेला, जाडसर पण सुरात. ते न्हाणीघरात गायचे आणि आई बाहेरून चुका काढायची. ‘अहो, निषाद उतरलाय!’ ‘उतरू दे, साबण लावल्यावर चढवतो!’ शेजारच्या लेबनीज बाईंना वाटायचं, आमच्याकडे रोज सकाळी भांडण होतं. परत आल्यावर मात्र न्हाणीघरातून फक्त पाण्याचा आवाज यायचा.

मधल्या काळात काय झालं होतं ते सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात आई आणि मी सुटीसाठी नाशिकला होतो, बाबा एकटे कुवेतमध्ये, आणि एका सकाळी रेडिओवर कळलं की इराकी फौजा आत शिरल्या. फोन बंद, पत्रं बंद. बाबांचे सहकारी करंदीकर काका सपत्नीक महिन्याभरात जॉर्डनमार्गे सुटून आले. करंदीकर काकू पुण्याहून मुद्दाम आमच्याकडे आल्या. मी आतल्या खोलीत होते, पण ऐकलं सगळं. ‘सुधाताई, आम्ही निघण्याआधी तीनदा तुमच्या घरी गेलो. बेल वाजवली, दार ठोठावलं, ह्यांनी नाव घेऊन हाका मारल्या. घर बंद. शेजारीपाजारी कुणी नाही. भावजी कुठे गेले होते कुणास ठाऊक.’ मग जरा थांबून, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, ‘एकटा पुरुष माणूस. कुणाच्या आसऱ्याला गेले असतील म्हणा.’ त्या ‘कुणाच्या’वर त्यांनी जोर दिला होता की नाही, ते मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. आईनं तो ऐकला होता, एवढं खरं.

बाबा अडीच महिन्यांनी आले. दाढी वाढलेली, गाल बसलेले, सोबत एक काळासावळा, बुटका माणूस. तो वेंगुर्ल्याचा बाबी. कंपनीच्या कंत्राटदाराकडे वेल्डर होता. बाबांना आमच्या दारात सोडून, नुसता चहा पिऊन तो पुढे गावी गेला. त्या संध्याकाळी आईनं विचारलं, ‘करंदीकर तीनदा आले होते म्हणे. तुम्ही कुठे होता?’ बाबा म्हणाले, ‘बाहेर होतो.’ आई म्हणाली, ‘तिन्ही वेळा?’ बाबा म्हणाले, ‘हो.’ आणि पाणी प्यायला उठले. त्यानंतर दोन वर्षं हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही. आई बाबांना वेळेवर डबा द्यायची, शर्टाला बटण लावायची, फक्त त्यांच्याकडे पाहून बोलायची नाही. मला भीती वाटायची की एक दिवस ती बॅग भरेल आणि शांतपणे मला म्हणेल, चल. शाळेतून घरी आले की मी आधी कपाटावरची बॅग जागेवर आहे का बघायची.

गाणं आमच्या घरात परत आलं ते बाबांच्या गाडीतून. त्या दिवसांत कुवेतमध्ये अमेरिकन सैनिकांसाठी एक रेडिओ लागायचा आणि त्यावर त्यांच्याकडची गावरान गाणी असायची. गिटार, मागे रडव्या सुरात ओढलेली दुसरी गिटार, आणि पुढे कुणीतरी आपल्या घराबद्दल, ट्रकबद्दल, नाहीतर बायकोबद्दल गातंय. शुक्रवारी जमियातून, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानातून, भाजी आणि आठवड्याचं सामान घेऊन येताना बाबा तेच लावून ठेवायचे. त्यात एक द्वंद्वगीत वारंवार लागायचं. पुरुषाचा आवाज खरबरीत, बाईचा स्वच्छ. तो दोन ओळी गायचा, ती दोन ओळींत उत्तर द्यायची, आणि मग दोघं मिळून धृपदावर यायची. कुणी गायलं, कुठल्या साली, मला कधीच कळलं नाही. निवेदक इतक्या घाईत बोलायचा की नावं त्याच्या तोंडातच राहायची. एकदा ते संपलं तेव्हा मागच्या सीटवरून मी पाहिलं, आईची बोटं पिशवीवर ठेका धरून होती. बाबांनीही पाहिलं. ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, ‘सोपं आहे, नाही? आपल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात असं काहीतरी मराठीत करता येईल.’ गाडी लावून झाल्यावर आई कोथिंबिरीची जुडी पिशवीत नीट खोचत म्हणाली, ‘साथ कोण करणार?’

साथ करणार होता बाबी काका. तो आमच्या आधी परत आला होता आणि जवळच्या फहाहीलमधल्या कामगारांच्या कँपात राहत होता. कँपातल्या एका गोवेकर खोलीसोबत्याकडून तो गिटार शिकला होता. बाबांसारखा इंजिनियर आणि हा वेल्डर, यांची एवढी मैत्री कशी, हे आईला कोडं होतं. दर शुक्रवारी जेवायला यायचा. येताना कागदात गुंडाळलेली गरम खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणायचा आणि आईच्या पिठल्याबरोबर ती इतक्या आवडीनं खायचा की आईनं भाकरी करणंच सोडलं. त्यानं गाणं दोनदा ऐकलं, गिटार मांडीवर घेतली आणि म्हणाला, ‘वयनी, ह्या गाण्याक तीन कॉर्ड पुरे. तुमच्या त्या नाट्यसंगीतासारख्या कठीण काय नाय. पण शब्द बरे होये. शब्द बरे नसले तर तीन कॉर्डांत लपूक जागा गावना नाय.’ हे वाक्य मला पुढे फार पटलं. मोठमोठ्या गायकांच्या गाण्यांत शब्द हरवले तरी चालतं. अशा गाण्यात मात्र माणूस उघडाच असतो.

इंग्रजी गाण्याचा अर्थ मराठीत आणायचा प्रयत्न दोन शुक्रवार चालला आणि फसला. ट्रकचं काय करायचं हेच सुचेना. मग आई म्हणाली, ‘आपलं आपण लिहू. माझ्या ओळी मी लिहिते, तुमच्या तुम्ही लिहा.’ चाल तिनं एका दुपारी बांधली, कांदा चिरता चिरता. मी टेबलाशी भूमितीचा अभ्यास करत होते. दोन वर्षांनी तिचा गाता आवाज कानावर आला तेव्हा माझ्या हातातला कंपास तसाच राहिला. ती थांबेल या भीतीनं मी वर पाहिलं नाही. आधी धृपद झालं. ते ती आणि बाबा दोघांनी मिळून गायचं होतं:

उशीर झाला तरी चालेल,
पण घरीच ये, घरीच ये.

एवढंच. बाबी काकानं पुढच्या शुक्रवारी ते वाजवलं आणि बाबांनी वरच्या पट्टीत आपला सूर जोडला. खूप दिवसांनी आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘निषाद उतरलाय.’ मला इतका आनंद झाला की मी उठून सगळ्यांसाठी सरबत केलं.

मग तिनं आपलं कडवं काढलं. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेलं होतं. तिनं ते आम्हां तिघांसमोर उभ्यानं गायलं, नजर कागदावर ठेवून:

होतास कुठे रे इतके दिवस,
सांग ना, मी विचारते;
रोज उन्हाला, रोज वाऱ्याला
तुझाच पत्ता विचारते.

बाबांना जन्मभर ‘अहो’ म्हणणाऱ्या आईच्या तोंडून ते ‘रे’ ऐकून मला आधी हसू आलं. मग बाबांचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. बाबी काकानं पुढची कॉर्ड वाजवली. बाबांची जागा आली. ती गेली. त्यानं पुन्हा वाजवली. बाबा म्हणाले, ‘सुधा, ह्या ओळी बदल. पाडव्याचा कार्यक्रम आहे. काहीतरी आनंदाचं लिही.’

‘माझ्या ओळी ह्याच,’ आई म्हणाली. ‘तुमच्या तुम्ही आनंदाच्या लिहा.’

पुढचे दोन शुक्रवार असेच गेले. आई आपलं कडवं गायची, बाबा चष्मा पुसायचे. घरात पुन्हा पहिल्यासारखी शांतता आली, किंबहुना जास्तच, कारण आता प्रश्न चालीसकट हवेत राहिला होता आणि मी दात घासतानासुद्धा तोच गुणगुणायची. कार्यक्रमाला दहा दिवस उरले. त्या शुक्रवारी दुपारी जेवणं झाली, तालीम सुरू झाली, आईचं कडवं झालं आणि बाबी काकानं वाजवणं थांबवलं. गिटार सोफ्याला टेकवून ठेवली.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘मी तुमका वचन दिलंय, मी बोलूचंय नाय. पण तुमी सांगल्याशिवाय मी आता वाजवूचंयव नाय.’

आईनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा बाबांकडे पाहिलं. आज मला कळतं की त्या क्षणी तिनं सगळ्यांत वाईट उत्तराची तयारी केली होती. तिनं मला ‘आत जा’ म्हटलं नाही. विसरली असेल, किंवा मीही ऐकावं असं तिला वाटलं असेल.

बाबा म्हणाले, ‘मी घरातच होतो.’

त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

‘करंदीकर आला तेव्हा. तिन्ही वेळा. मी आतच होतो, सुधा. न्हाणीघरात.’ मग ते थांबत थांबत बोलत गेले. न्हाणीघराला रस्त्याकडे खिडकी नव्हती म्हणून त्यांनी गादी तिथे नेली होती. दिवा लावत नव्हते. डब्यातले छोले आणि वाळकी खुबूस खात होते. पहिल्यांदा बेल वाजली तेव्हा त्यांना वाटलं, सैनिक आहेत. दुसऱ्यांदा करंदीकरांची हाक स्पष्ट ऐकू आली. ‘मधुकर, अरे आहेस का? निघायचंय.’ अगदी मराठीत. ‘मला कळलं की तोच आहे. मी दारापर्यंत गेलोसुद्धा. पण हात कडीला लागेना. हात वर उचलायचा असतो, एवढंच काम, ते होईना. तिसऱ्या वेळी तर मी न्हाणीघरातून उठलोच नाही. कानांवर हात ठेवून बसलो. ते गेले. मग मला वाटलं, आता आपण इथेच संपणार, आणि ते बरंच होईल, कारण असा माणूस परत जाऊन तुम्हांला तोंड काय दाखवणार.’

‘मग?’ आईनं विचारलं. आवाज असा की जेमतेम ऐकू आला.

पुढचं बाबी काकानं सांगितलं. त्याच्याजवळ गाडी नव्हती. आमच्या मागच्या अंगणाचं लोखंडी फाटक त्यानंच कधीतरी वेल्ड करून दिलेलं, त्यामुळे ते कुठून निघतं ते त्याला ठाऊक होतं, आणि आमची गाडी त्या अंगणातच उभी असते हेही. तो आत शिरला आणि न्हाणीघराच्या दाराबाहेर फरशीवर बसून राहिला. ‘मी म्हटलंय, साहेब, तुमच्याकडे गाडी आसा, माका चालवूक येता. मी पण भियालंय. एकट्यान भियाण्यापरीस दोघा मिळान भियाला तर जरा बरां वाटता. मग दोन-तीन तासांन कडी काढली साहेबांनी.’

बाबा मान खाली घालून बसले होते. आई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. मला वाटलं, झालं, आता ती बॅग. मी धावत गेले तर आई ओट्याला धरून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. रडतेय असं मला वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, ती रडत होती आणि हसतही होती. ‘घरातच होते गं,’ ती मला म्हणाली. ‘न्हाणीघरात! आणि मी दोन वर्षं त्यांना कुठे कुठे शोधून आले!’ मग तोंडावर पाणी मारून ती बाहेर आली आणि बाबांसमोर सरळ फरशीवर बसली. ‘अहो, एवढंच होतं तर सांगायचं नाही का? घाबरलात. मग? माणूस घाबरत नाही? मी इथे काय काय समजून बसले होते, माहीत आहे तुम्हांला?’

‘काय समजलीस?’ बाबांनी विचारलं. त्यांना खरोखरच कल्पना नव्हती. आईनं ते त्या दिवशी सांगितलं नाही. पुढे कधी सांगितलं असेल तर मला ठाऊक नाही. त्या दुपारी बाबांनी दोन कप चहा घेतला, ताटात उरलेलं पिठलं संपवलं आणि सोफ्यावरच झोपून गेले. तोंड उघडं टाकून, घोरत. आईनं त्यांच्या अंगावर चादर टाकली आणि बाबी काकाला डब्यात लाडू भरून दिले. नेहमी चार द्यायची, त्या दिवशी डबा बंद होईना इतके भरले.

बाबांनी आपलं कडवं दुसऱ्या दिवशी प्लँटवर लिहिलं, रीडिंग टिपायच्या कागदावर:

होतो घरातच, दाराआड मी,
हात कडीला लागेना;
तुझी हाक मज ऐकू यायची,
पाऊल काही निघेना.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये झाला. पुढे कुटुंबं, मागे कँपांतून बस करून आलेले कोकणातले एकटे लोक, काही थेट दुसऱ्या टोकाच्या जहऱ्याहून आलेले. आईनं मोतिया साडी नेसली होती. ‘होतास कुठे रे’ला पुढच्या बायका हसल्या, कारण सगळ्यांना आईचं ‘अहो’ माहीत होतं. बाबांनी उत्तर गायला सुरुवात केली तसं हसू थांबलं. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा मागच्या रांगा गात होत्या, आणि शेवटी ‘वन्स मोअर’ आला तोही मागूनच. जे दोन-दोन वर्षं गावी जाऊ शकत नव्हते त्यांना ‘उशीर झाला तरी चालेल’ हे कुणीतरी म्हणायला हवं होतं, असं मला आज वाटतं. त्या हॉलमधल्या प्रत्येकाला कुठेतरी पोचायला उशीर झालेला होता.

गाणं झाल्यावर करंदीकर काका विंगेत आले. त्यांनी बाबांचा दंड धरला. ‘दाराआड? मधुकर, म्हणजे तू होतास?’

‘होतो.’

मला वाटलं, ते चिडणार. पण ते उंचपुरे, कडक स्वभावाचे गृहस्थ बाबांच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागले. ‘अरे, चौथ्यांदा यायला हवं होतं मी. बायको म्हणाली, चला आता, आणि मी गेलो. तेव्हा रोज वाटायचं रे, तू कुठे जखमी पडला असशील आणि मी निघून गेलो.’ काकू आईजवळ येऊन उभ्या राहिल्या. आईनंच त्यांचा हात धरला.

पुढे त्या गाण्यानं आमचं ऐकणं सोडून दिलं. कुणीतरी ते टेप केलं होतं. कॅसेटवरून कॅसेट होत कँपांत फिरलं, लग्नांत, डोहाळजेवणांत, निरोपसमारंभांत गायलं जाऊ लागलं. खूप वर्षांनी, मी कुवेतला माहेरपणाला गेले असताना, तिथल्या एगैला भागातल्या एका मॉलमध्ये एक तरुण मराठी जोडपं ट्रॉली ढकलत ते गुणगुणत होतं. मी त्यांना विचारलं, हे कुणाचं गाणं? मुलगी म्हणाली, ‘कुणाचं म्हणजे? पारंपरिक आहे. आमच्या मंडळात नेहमी म्हणतात.’ घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, ‘पारंपरिक? मी एवढी म्हातारी दिसते का?’ बाबा मात्र दोन दिवस फुशारून होते.

हे गाणं इतकं का टिकलं, असं मला विचारतात. चाल सोपी, शब्द रोजचे, हे तर आहेच. पण मला वाटतं, प्रेमगीतांत सहसा लोक शूर असतात, डोंगर ओलांडतात, समुद्र तरून जातात. या गाण्यातला माणूस कडी काढू शकत नाही, आणि तरी त्याला घरी बोलावतात.

त्या कार्यक्रमानंतर दहा-अकरा वर्षांनी शेजारी इराकमध्ये पुन्हा लढाई पेटली. माझं लग्न होऊन मी पुण्यात होते. कुवेतमधली भारतीय कुटुंबं भराभर बायकामुलांना परत पाठवत होती. बाबांनीही आईचं तिकीट काढलं होतं. आईनं ते रद्द करायला लावलं. मी फोनवर रागावले तर म्हणाली, ‘मागच्या वेळी मी लांब होते, आणि नुसते तर्क करत बसले. या वेळी जे व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे.’ त्यांनी आतल्या खोलीच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या.

हल्ले सुरू झाले त्या दिवशी टीव्हीवर कुवेतमध्ये भोंगे वाजत असल्याची बातमी होती. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सकाळचा स्वयंपाक अर्धवट, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, त्या बंद करायचं भान नव्हतं. नवरा ऑफिसला निघायचा थांबला होता. नवव्या की दहाव्या वेळी फोन उचलला गेला आणि आई, श्वास लागलेला, म्हणाली, ‘हॅलो?’

‘आई! कुठे होतात तुम्ही?’

‘अगं, भोंगा झाला म्हणून आतल्या खोलीत होतो. आता बंद झालाय. तुझे बाबा म्हणाले, नुसतं बसून काय करायचं, पाडवा जवळ आलाय, तर तालीम करू. आणि बघ ना, पट्टी चढवून बसलेत! मी सांगतेय, आता वय झालं, काळी दोन झेपत नाही, खाली या. तू तरी सांग त्यांना.’

मागून बाबा ओरडले, ‘तिला मध्ये घेऊ नकोस! मी झेपवतो!’

‘ऐकलंस?’ आई म्हणाली.

मी फोन हातात धरून तशीच जमिनीवर बसले. नवरा घाबरून वाकला. ‘काय झालं? बरे आहेत ना दोघं?’

‘भांडतायत,’ मी म्हटलं. ‘पट्टीवरून भांडतायत.’ आणि मला हसू आवरेना.